गायीनं न फोडलेली मडकी

कुंभारटोली, आरमोरीजवळ
माघ महिना, सन १९५७

प्रिय कुंता,

प्रिय लिहायचं असते म्हणून लिहिलं, मनात काय आहे ते पुढं वाचशीलच. आधी मले एवढं सांग, गाय शिंक्यापर्यंत पोचली कशी? तुमचा डोमा गाडीवान माझ्या दारात तोंड वर करून सांगते का, "मायबाई, रांधणीत गाय शिरली, सारी मडकी फोडून गेली, कुंताबाईनं नवं सामान सांगतलं." बरं, शिरली. भाताची हंडी फोडली, समजलं. पाण्याचा माठ लोटला, तेही समजलं. पण दह्याचं गाडगं तर आढ्याले टांगलेल्या शिंक्यात असते. ते तिनं उडी मारून काढलं का? आणि आंघोळीचं पाणी तापवायचं मडकं तुमच्या घरी मागच्या अंगणात न्हाणीच्या चुलीवर असते, मी माझ्या डोळ्यानं पाहिलं आहे. रांधणीतलं सगळं फोडलं, मग मागच्या दारानं गेली आणि न्हाणीतलंही फोडून आली? अशी गाय घरात असेल तर शेती कशाले करता, तिले जत्रेत दाखवा आणि तिकीट लावा.

हे मी स्वतः लिहून राह्यली. माझी शाळा दुसरीपर्यंतची, काना-मात्रा चुकेल तर चुकेल. मास्तरकडून लिहून घेतलं असतं तर अक्षर चांगलं आलं असतं, पण सांजच्यापर्यंत साऱ्या टोलीले माहीत झालं असतं का गोकुळाबाई पोरीले काय विचारून राह्यली. टपालानं पाठवलं तर टपालवाला कागद जावयाच्या, खुशालरावांच्या, हातात देईल, नाईतर तुझ्या सासूच्या. मले ते दोन्ही नको. म्हणून शकुबाई कासारणीजवळ देते. कासारणीले आतल्या खोलीत बसवा लागते, तिथी पुरुषमाणूस येत नाई. तुझा हात हातात घेईल तेव्हाच ती हा कागद काढेल, तसं मी तिले बजावलं आहे. तू चौथी शिकलेली आहे. स्वतः वाच, कोणाले वाचून दाखवू नको.

खरं सांगते, पहिला संशय मले जावयावर आला. वाईट वाटलं तर वाटू दे. पौष सरता सरता डोमा येते, सगळ्या घराचं सामान सांगते, आणि पुढं शिवरात्र आहे. मार्कंड्याच्या जत्रेत माझ्या मडक्यांवर लोक कसे तुटून पडतात ते खुशालरावांनी मागच्या साली आपल्याच पालापाशी उभं राहून पाहिलं. "सासूबाई, या डांगरभोपळ्याच्या माठाले तर लोक फिरून फिरून विचारून राह्यले," असं म्हणाले होते. मले तेव्हाच खटकलं. ज्याच्या बापानं चाक माळ्यावर टाकलं आणि धानाची शेती धरली, कुंभार म्हटलं का ज्याच्या कपाळाले आठ्या पडतात, त्याले माठाची एवढी चौकशी काऊन? मी तुझ्या बाबाले म्हणाली, हा सासरवाडीचं फुकटचं सामान नेऊन जत्रेत पाल ठोकणार. तुझा बाबा हसला. तो सगळ्यावर हसते. म्हणाला, "अवं, त्याले मडकं कोणत्या बाजूनं धरावं ते तरी समजते का?"

पण मग मी डोमाचं बोलणं मनात पुन्हा मांडून पाहिलं. विकणाऱ्यानं एकाच जातीचे माठ मागितले असते. इथी सगळं एकेक. भाताची हंडी एक, वरणाची एक, तिच्यापेक्षा लहान भाजीची एक, झाकण्या त्या-त्या तोंडाच्या मापाच्या, मिठाची एक, आंबिलीचं एक, शिंक्यातलं एक. हे बाजारात बसणाऱ्या माणसाचं मागणं नाई. चुलीपुढं बसून, उजव्या हाताले काय, डाव्या हाताले काय, असं एकेक आठवणाऱ्या बाईचं आहे. जावयाले मी सोडून दिलं. त्याले सांगू नको का मी धरलं होतं.

मग मी तुझ्या सासूले धरलं. तुझ्या लग्नातल्या सामानाकडे तिनं कसं पाहिलं ते मी विसरली नाई. तुले माहीत आहे, आपल्यात बाई चाकाले हात लावत नाई. माती आणायची, खडे वेचायचे, तुडवायची, थापीनं ठोकायचं, घोटायचं, गेरू लावायचा, मडकी भाजायले आवा रचायचा, सगळं बाईनं करायचं, चाक तेवढं गड्याचं. नवी नवी होती तेव्हा मले ते फार लागायचं. मग म्हटलं, राहू दे तुमचं चाक तुमच्यापाशी, रानात मले काय कमी आहे? वाळलेलं डांगर घेतलं, वरून राख चोळली, माती थापली, दोन फाकळ्या करून काढली आणि जोडली. चाकावरचा माठ गुळगुळीत, ओल्या हातातून सटकते. माझ्या माठाले डांगराच्या फाका आहेत, त्या खाचांत बोटं बसतात. मिठाचं भांडं बेलफळासारखं केलं, तोंड इतकं बारीक का दोन बोटं जातील, पावसाळ्यात मिठाले पाणी सुटत नाई. तलावातलं कमळाचं पान पालथं घालून त्यावर पसरट परळ थापली. पानाच्या शिरा मातीत उतरल्या, धुतलेले तांदूळ त्यात टाकले का पाणी शिरांच्या बाजूनं वाहून जाते. आणि बियाणं ठेवायले सुगरणीच्या खोप्यासारखं लांबट गाडगं, तोंड बाजूले, उंदराले वरून घसरून खाली पडावं लागते. हे सगळं मी तुझ्यासोबत गाडीत धानाचं तणस घालून पाठवलं. तर गुणाबाईनं ते खोप्याचं गाडगं उलटंसुलटं करून पाहिलं आणि साऱ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "विहीणबाई, पोरीले रांधायले पाठवून राह्यल्या का पाखरं पाळायले?" बाया खी-खी हसल्या. मीही म्हटलं, "पाखरं पाळायची का उंदरं, ते तुमच्या घरावर आहे." तेव्हा कुठी तिनं गाडगं खाली ठेवलं.

तर मले वाटलं, तिनंच भांडणात सगळं फोडलं असेल आणि नाव गायीचं केलं असेल. एक दिवस मी तिच्या नावानं बोटं मोडली. मातीच्या गोळ्याले जरा जोरातच ठोकत होती, तुझा बाबा म्हणाला, "ती विहीण आहे, चिखल नव्हे." पण मग माझं मलेच पटेना. गुणाबाई जिभेची कशीही असो, कुंभाराच्या पोटची आहे. भाजलेलं, धड मडकं कुंभारीण रागात फोडत नाई. तिले राग आला तर ती पितळेची थाळी फेकते. मीही तेच करते, तू पाहिलं आहे.

डोमा दुसऱ्या खेपेले आला, सामान झालं का पाहायले, तेव्हा मी त्याले बसवलं. गुळाचा चहा दिला. मी कोणाले उगाच चहा देत नाई, त्यालेही ते समजलं असावं, कपाले हात लावायच्या आधीच घाबरला. मी विचारलं, गाय कोणती? म्हणे, "पांढरी." कोणाची? "मालकाचीच." मी म्हटलं, पांढरी तर मागच्या पोळ्याच्या आधीच मेली, तूच सांगतलं होतं. मग त्यानं घाईनं चहाचा घोट घेतला. म्हणाला, "मायबाई, मले जे सांगतलं ते मी सांगतलं. माह्या पोटावर पाय देऊ नका." कोणी सांगतलं? "बाईनं." कोणत्या बाईनं, मोठ्या का लहान? तर चहा अर्धा टाकून उठला. "बैलाले पाणी दाखवतो," म्हणे. त्याचे बैल तेव्हा आपल्याच हौदात तोंड घालून उभे होते.

मधेच इथली खबर सांगते, नाईतर तू म्हणशील आई नुसती भांडते. राज्य आता मुंबईचं झालं म्हणतात. आपल्या आव्याले त्याचं काही नाई, तो पहिल्यासारखाच धुपते. मागच्या पंधरवड्यात जीपमधून एक साहेब आला होता. म्हणे, नागपुराले प्रदर्शन आहे, तुमच्या वस्तू दाखवू. परळीवरच्या शिरांवरून बोट फिरवून विचारते, "बाई, हे तुम्ही निसर्गातून घेतलं का?" मी म्हटलं, मग काय बाजारातून घेऊ? फोटो काढू का म्हणाला. मी नाई म्हटलं. फोटो नेऊन दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं तर? तुझ्या बाबानं त्याले एक माठ देऊन टाकला, हसत हसत. आंब्याले मोहर बरा आहे. लाल शेळी व्याली. बस, एवढीच खबर.

आता मुद्द्याचं. कार्तिकात डोमाजवळच तुझा निरोप आला होता, आठवते का? "शेजारणीच्या लेकराले दूध पाजायचं बोंडलं पाहिजे, लहान चोचीचं." मी केलं. मोहाच्या मिटलेल्या फुलासारखं, पोटात फुगलेलं, टोकाले निमुळतं, लेकराच्या ओठात बसेल असं. घोटून घोटून काचेसारखं केलं, बारीक कंगोरा राहिला तर हिरडीले लागते म्हणून. करता करता मले वाटलं, शेजारीण कोण? डोमाले विचारलं. तो बिचारा तेव्हा शिकवलेला नव्हता. म्हणाला, "शेजारीण? एका अंगाले बुढा मंगरू राहते एकटा, दुसऱ्या अंगाले वांग्याची वाडी हाये." मी मनात म्हटलं, वांग्याले काही बोंडलं लागत नाई.

त्याच्या आधीची दिवाळी. तुझा बाबा तुले आणायले आला, नवं लुगडं घेऊन. त्याले ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, जेवू घातलं आणि सांगतलं का कुंता नणंदेकडे गेली, धान कापायले माणूस कमी आहे तिकडे. त्यानं मुकाट्यानं लुगडं ठेवलं आणि आला. मी त्याले विचारलं, अंगणात तिच्या चपला होत्या का? म्हणे, "मी काय चपला पाहत बसतो का?" मी असती तर पाहिल्या असत्या. मी रांधणीत जाऊन माठावरचा हातही पाहिला असता. पाणी आज कोणी भरलं ते मले माठाच्या काठावरच्या ओल्या बोटांवरून समजते. तू घरातच होती ना? आतल्या खोलीत बसून बाबाचा आवाज ऐकत होती ना? त्याले तेव्हा पाहू दिलं नाई, कारण पाहिलं असतं तर समजलं असतं. तुझा बाबा चपला पाहत नाई, पण पोट तर त्यालेही दिसते.

या आठवड्यात शकुबाई आली, तुमच्या गावाकडून फिरून. माझ्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाली, "तुमच्या पोरीच्या हाताचं मले नवल वाटलं बाई." मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "मार्गशीर्षात भरल्या तेव्हा हात सुजलेले, मोठ्या मापाच्याही चढता चढेना. हिरव्याच पाहिजे म्हणून तुमच्या विहिणीनं निवडल्या. आता गेली तर दाराशीच थांबवलं, आत्ता नको, पुढच्या आठवड्यात ये म्हणे. पोरगी पाण्याची घागर घेऊन गेली समोरून. बांगड्या कोपरापर्यंत खाली-वर होऊन राह्यल्या होत्या." आणि मग मले म्हणते, "मी तोंडाकडे पाहत नाई बाई, हाताकडे पाहते. तोंड काही सांगो." मी तिच्या हातातून माझा हात ओढून घेतला. एक बांगडी फुटली, थोडं रक्त आलं. तिनं पैसे घेतले नाई.

त्या रात्री मी निजली नाई. तुझ्या बाबाले वाटलं, अंगात ताप आहे. मी बसून पाहत होती तुझं सामान, ओळीनं लावलेलं. माठ, हंड्या, गाडगी, परळ. आणि तेव्हा मले ते दिसलं, जे डोमा आला त्याच दिवशी दिसायले पाहिजे होतं. मी कुंभाराच्या घरात जन्मली, कुंभाराच्या घरात पडली, आणि जावई, विहीण, गाय, जत्रा सगळं धुंडाळत बसली. माणसं एरवी कशी मागतात? एक माठ गळला, एक हंडी तडकली, एक झाकणी पाहिजे. एक एक. सगळं घर एकदम कोणी मागत नाई. मागते तेव्हा माणूस दारात जरा लांबच उभं राहते, आणि आपण भाव करत नाई, विचारतही नाई, मुकाट्यानं काढून देतो. कारण त्या घरात मेलेल्याचं सुतक फिटून राह्यलं असते, नाईतर जन्माचं सोयर. चुलीवरचं, शिंक्यातलं, न्हाणीतलं, मातीचं म्हणून जे जे आहे ते गावाबाहेर नेऊन टाकतात, आणि मग आपल्याकडे येतात. तुझी पांढरी गाय ती. तिले शिंकंही उंच नाई आणि मागचं अंगणही दूर नाई.

मग मी घरातली माणसं मोजली. सासरा, सासू, खुशालराव, त्याचा लहान भाऊ. यातलं कोणी गेलं असतं तर निरोप आला असता, तुझ्या बाबाले जावं लागलं असतं. लेकरू झालं असतं आणि असतं, तर साखर आली असती. गुणाबाईनं तोऱ्यात पाठवली असती, मुलगा असता तर डोक्याएवढी गुळाची भेली. दोन्ही आलं नाई. सामान मात्र सगळं नवं पाहिजे.

आणखी एक. पौषात आपला आवा बिघडला. अर्धी मडकी चिरली, आवाज असा का बंदूक उडावी. तुझा बाबा म्हणे, लाकडं ओली होती. लाकडं मी रचली होती, ओली नव्हती. पण घरात सुतक असताना आवा पेटवला तर असंच होते, हे माझ्या सासूनं सांगतलं आणि तिच्या सासूनं तिले. खरं असो खोटं असो, मी तुझ्याशी वाद घालत नाई. मी एवढंच म्हणते का आपल्याले पेटवायचा होता का नव्हता, हे कोणी सांगतलंच नाई.

मले हेही माहीत आहे का तुझं तोंड कोणी बांधलं. दोन सालांआधी ज्येष्ठात तुले दिवस गेले तेव्हा तू मले लगेच कळवलं, मी साऱ्या टोलीत गूळ वाटला, आणि ते टिकलं नाई. तेव्हा गुणाबाई म्हणाली होती, "माहेरी आधी सांगतलं का नजर लागते." या खेपी कोणाले कळू द्यायचं नाई असं तिनं ठरवलं असेल. सातव्यात तुले इथी आणायचं तर इथी कळेल, म्हणून तेही नाई. का धान कापणीले दोन हात कमी पडले असते म्हणून? हा संशय मी अजून सोडला नाई. का तूच म्हणाली, या खेपी आईले सांगूच नका? हाही मी सोडला नाई, आणि हा जास्त लागते. पण एक गोष्ट मी वळून वळून पाहिली. डोमाले सामान सांगतलं ते तूच. रांधणीतलं तेवढंच सांगून बाकीचं पुढच्या महिन्यात मागवलं असतं तर गाय खपून गेली असती. तू माझ्या पोटची आहे, मडक्यांत वाढली. इतकी मोठी भोकं ठेवून खोटं बोलणारी पोरगी तू नव्हती. सासूच्या समोर, तिच्या कानावर पडेल असं, तू एकेक नाव घेतलं आणि मले कळवलं. मले असं वाटते. खरं आहे का नाई, ते तू सांग.

म्हणून हे लिहिलं. सामान तयार आहे, तणसात बांधून ठेवलं, पण ते मी डोमाच्या गाडीत भरणार नाई. मले मडक्यांचं काही विचारायचं नव्हतं. मले विचारायचं आहे ते एकच, आणि ते शकुबाईजवळ तोंडी सांगवलं नाई. लेकरू रडलं होतं का? मुलगा का मुलगी ते मागाहून सांग, नाईतर नको सांगू. कोणाचं चुकलं तेही आता विचारत नाई, ते मी गुणाबाईसमोर बसून विचारीन. पण एकदा जरी रडलं असेल तर ते आलं होतं, आणि मी आजी झाली होती, आणि त्याच दिवशी मी इथी माती तुडवत होती, तुझा बाबा चाक फिरवून गाणं म्हणत होता. त्याचं आम्ही काहीच पाळलं नाई. आता तरी पाळू का, एवढं मले कळलं पाहिजे. आणि तू बाळंतीण आहे. मांडीवर कोणी नसलं तरी बाळंतीण ती बाळंतीणच, तिनं घागरी भरत फिरायचं नसते. तुले इथी आणून शेकायचं, मेथी-डिंक खाऊ घालायचं काम माझं होतं, ते अजून माझंच आहे. शकुबाई बुधवारी सकाळी तुमचं गाव सोडते. बुधवारी तिच्याजवळ तुझ्या हातचा कागद पाहिजे, तिच्या तोंडचं नको, डोमाच्या तर नकोच. लांब लिहिता येत नसेल तर "हो" लिही, नाईतर "नाई" लिही. बुधवारी कागद आला नाई तर गुरुवारी मी आणि तुझा बाबा बैल जुंपतो, आणि मग मी तुमच्या अंगणात उभी राहून विचारीन, साऱ्या गावाले ऐकू जाईल अशा आवाजात. बुधवार म्हणजे बुधवार.

तुझीच, संशयी म्हण नाईतर काही म्हण,
आई
गोकुळा